पिचरच्या कोपराचा हिशेब कोणी द्यायचा?

27 विजय, 317 स्ट्राइकआउट (चेंडू फटकावू न देता बाद केलेले बॅटर) आणि नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, दिलेल्या सरासरी 1.73 धावा. 1966 च्या हंगामातली ही कामगिरी सँडी कोफॅक्सची. लॉस एंजेलिस डॉजर्सचा हा डावखुरा पिचर त्या घडीला बेसबॉलमधला सर्वोत्तम होता आणि हे त्याचे प्रतिस्पर्धीही मान्य करत. हंगाम संपला आणि 18 नोव्हेंबरला त्याने पत्रकारांना बोलावून निवृत्ती जाहीर केली. वय तीस. बेसबॉल सुटल्यावरही बरीच वर्षं जगायचं आहे आणि ती धडधाकट शरीराने जगायची आहेत, असं त्याने सांगितलं.

अमेरिकेत ही गोष्ट एका महान खेळाडूची शोकांतिका म्हणून सांगितली जाते. मला ते अपुरं वाटतं. कोफॅक्सचं कोपर संपेपर्यंत वापरलं गेलं आणि वापरणाऱ्यांच्या खिशाला त्याची झळ बसली नाही. त्यानंतर वैद्यकशास्त्र बदललं, पैसा शेकडो पटींनी वाढला, पण व्यवहाराचं स्वरूप तेच राहिलं. उलट तो आता शाळकरी मुलांच्या हातापर्यंत पोचला आहे. पिचरच्या कोपराचं काय होतं हे खेळाचे नियम ठरवतात, म्हणून ते वाचवण्याची जबाबदारीही नियम करणाऱ्यांवर टाकली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

क्रिकेट बघत वाढलेल्यांसाठी आधी थोडं शरीराबद्दल. आपला वेगवान गोलंदाज धावत येतो आणि हात जवळपास सरळ ठेवून चेंडू सोडतो. भार येतो तो पाठीवर, गुडघ्यावर, घोट्यावर. बुमराची पाठ दुखावते ती त्यामुळे. पिचरला रनअप नाही. मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माऊंडवर, उभं राहून त्याने साठ फूट सहा इंचांवरच्या होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभा असतो तिथे, चेंडू फेकायचा असतो. सगळा वेग एका लांब पावलातून, कंबर आणि छाती वळवण्यातून आणि शेवटी हाताच्या फटक्यातून काढायचा. त्या फटक्यात दंड खांद्यात आतल्या बाजूला वळतो त्याची गती सेकंदाला सात हजार अंशांच्या आसपास जाते. माणसाच्या शरीराच्या इतक्या वेगवान हालचाली फारशा नाहीत. त्याच्या क्षणभर आधी हात मागे पूर्ण ताणलेला असतो, आणि तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूचं एक छोटंसं लिगामेंट दोन हाडांना धरून ठेवतं. स्नायू व्यायामाने बळकट करता येतात, लिगामेंट त्या प्रमाणात करता येत नाही. स्नायूंनी वेग वाढवत न्यायचा आणि लिगामेंटने तो निमूट सोसायचा, अशी ही विभागणी आहे.

कोफॅक्स ब्रुकलिनचा. 1954 च्या डिसेंबरात डॉजर्सनी त्याला 14,000 डॉलरच्या बोनसवर घेतलं तेव्हा त्याला एकोणीस पूर्ण व्हायचे होते. वेग अफाट, पण चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नाही. पहिल्या सहा हंगामांत त्याच्या नावावर विजयांपेक्षा पराभव जास्त. 1961 च्या सराव शिबिरात कॅचर नॉर्म शेरीने त्याला सांगितलं की जीव खाऊन फेकू नकोस, जरा सैल सोड. त्याने जोर थोडा कमी केला आणि चेंडू हवा तिथे पडू लागला. त्या वर्षी 18 विजय, 269 स्ट्राइकआउट. हा तपशील मी मुद्दाम सांगते आहे, कारण असा सल्ला आज एखाद्या तरुण पिचरने ऐकला तर त्याची नोकरी जाण्याची शक्यता जास्त.

1964 च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या बेसवर परत झेप घेताना तो डाव्या कोपरावर पडला. पुढचे सामने त्याने खेळून काढले आणि मग एका सकाळी कोपर गुडघ्याएवढं सुजलेलं दिसलं. संघाचे डॉक्टर रॉबर्ट कर्लन यांचं निदान होतं, इजेतून आलेला संधिवात. बरा न होणारा. 1965 च्या हंगामाआधी त्याला आठवड्यातून एकदाच खेळवावं असा विचार झाला होता. प्रत्यक्षात त्या हंगामात त्याने 335 इनिंग टाकल्या आणि 382 बॅटर स्ट्राइकआउट केले, विसाव्या शतकातला तोवरचा विक्रम. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सीरीजच्या, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध त्याला फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर उतरवलं. कर्व्हबॉल, म्हणजे वळत खाली येणारा चेंडू, पडत नव्हता, हात ऐकत नव्हता. जवळपास निव्वळ फास्टबॉलवर, म्हणजे सरळ वेगवान चेंडूवर, त्याने नऊच्या नऊ इनिंग टाकल्या, तीन हिट दिले, दहा स्ट्राइकआउट घेतले आणि सामना 2-0 जिंकून दिला.

हे कसं शक्य होत होतं? सामन्याआधी हाताला मिरचीच्या अर्कापासून केलेलं, कातडी भाजेल असं मलम चोळायचं. कोपरात कॉर्टिसोनची इंजेक्शनं. पोटात ब्युटाझोलिडिन, जे औषध शर्यतीच्या घोड्यांनाही देत असत. सामना झाला की कोपर बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायचं. हात पुरता सरळ होईना, तेव्हा शिंप्याकडून कोटाची डावी बाही आखूड करून घ्यावी लागली. तेव्हाच्या क्रीडापत्रकारितेत या सगळ्याचं वर्णन शौर्य म्हणून झालं आहे. शौर्य होतंच. पण ते शौर्य ज्या तिकीटखिडकीवर विकलं जात होतं तिचाही हिशेब मांडायला हवा. 1965 आणि 1966 या दोन्ही हंगामांत डॉजर्सच्या मैदानावर पंचवीस लाखांहून जास्त प्रेक्षक आले.

आणि कोफॅक्सला काय मिळालं? 1966 च्या सुरुवातीला त्याने आणि संघातला दुसरा मोठा पिचर डॉन ड्रायस्डेल याने एकत्र येऊन तीन वर्षांसाठी दोघांत मिळून दहा लाख डॉलर मागितले, आणि ते मिळेपर्यंत सरावाला यायला नकार दिला. दुसरं हत्यारच त्यांच्याकडे नव्हतं. तेव्हाच्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं कलम असे. त्याच्या जोरावर क्लब खेळाडूचा करार वर्षामागून वर्ष एकतर्फी वाढवू शकत. दुसऱ्या संघाशी बोलणी करायची मुभा नाही. पगार मान्य नसेल तर घरी बसा. शेवटी कोफॅक्सला 1,25,000 आणि ड्रायस्डेलला 1,10,000 डॉलरवर तडजोड करावी लागली. बेसबॉलमधल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या पगारांत कोफॅक्सचा पगार मोडत होता. त्या पगारावर कोफॅक्सने 323 इनिंग टाकल्या आणि हात शिल्लक असतानाच खेळ सोडला.

पुढच्या दहा वर्षांत याच डॉजर्स संघातून दोन गोष्टी घडल्या, ज्यांनी पिचरचं आयुष्य बदलायला हवं होतं.

पहिली 1974 मध्ये. टॉमी जॉन हा डावखुरा पिचर जुलैमध्ये सामना चालू असतानाच कामातून गेला. कोपरातलं लिगामेंट फाटलं होतं. अशा पिचरला तोवर निरोप देत. कर्लन यांचे भागीदार डॉ. फ्रँक जोब यांनी 25 सप्टेंबरला एक नवाच प्रयोग केला. जॉनच्या उजव्या मनगटाजवळचं एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, काढलं, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून ते टेंडन इंग्रजी आठच्या आकारात ओवून नवं लिगामेंट तयार केलं. यश येण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. जॉन 1976 मध्ये परतला आणि 1989 पर्यंत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या 288 विजयांपैकी 164 शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं.

दुसरी 1975 मध्ये. अँडी मेसरस्मिथ हाही डॉजर्सचा पिचर. मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखालच्या खेळाडू संघटनेच्या पाठिंब्याने तो अख्खा हंगाम करारावर सही न करता खेळला, तेही 321 इनिंग. सोबत मॉन्ट्रियलचा डेव्ह मॅकनॅली, तोही पिचरच. मुदत संपली, आता आम्ही मोकळे, असा दोघांचा दावा. 23 डिसेंबरला लवाद पीटर साइट्झ यांनी तो मान्य केला आणि रिझर्व्ह क्लॉजची वेठबिगारी मोडली. आज बेसबॉलमध्ये जे कोट्यवधी डॉलरचे करार होतात त्यांचा पाया या निकालात आहे. स्वतः मेसरस्मिथची पुढची वर्षं बरीचशी दुखापतींत गेली आणि 1979 मध्ये त्याची कारकीर्द संपली.

म्हणजे हात दुरुस्त करण्याची सोय झाली आणि हाताचं मोल मागण्याचा हक्कही मिळाला. यानंतर पिचरची कारकीर्द लांबायला हवी होती. पण आकडे उलट बोलतात. अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेने, म्हणजे मेजर लीगने, स्वतः दोनशेहून जास्त जाणकारांशी बोलून केलेला अहवाल डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मेजर लीग आणि तिच्या खालच्या पायऱ्यांवरच्या मायनर लीग यांत मिळून 2010 साली 104 टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, 2024 साली 281. मेजर लीगच्या जखमी यादीत पिचरची नावं 2005 मध्ये 212 वेळा चढली, 2024 मध्ये 485 वेळा. हा दुसरा आकडा नीट पाहा. तीस संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त तेरा पिचर; म्हणजे सप्टेंबर महिना सोडला तर एका वेळी मेजर लीगमध्ये 390 पिचर असू शकतात. जागा 390 आणि जखमींची नोंद 485. कुठल्याही कारखान्यात असं घडलं असतं तर सरकारी तपासनीस दारात उभे राहिले असते.

कारण काय, हेही अहवालात आहे. वेगाचा ध्यास, चेंडूला जास्तीत जास्त वळण आणि फिरक देण्याची चढाओढ, आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय. 2008 मध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी 147 किलोमीटर होता, 2024 मध्ये तो 152 च्या जवळ गेला. हे सरासरीचं बोलणं आहे. क्रिकेटमध्ये ताशी 150 किलोमीटरचा गोलंदाज सापडला की आपण त्याचं नाव लक्षात ठेवतो. तिथे त्या वेगाचा पिचर सरासरीच्या खाली मोजला जातो.

इथे एक सोपा समज दूर करायला हवा. पूर्वी पिचरकडून बेसुमार काम करून घेत, आता काळजी घेतात, असं अनेकांना वाटतं. वरवर ते खरं दिसतं. कोफॅक्सने एकट्याने 1966 मध्ये 27 सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत टाकले. 2024 मध्ये तीस संघांतल्या सगळ्या पिचरनी मिळून असे तीस सामनेही टाकले नाहीत. काम कमी झालं, पण प्रत्येक चेंडूमागचा जोर वाढला. ज्याला नऊ इनिंग टाकायच्या आहेत तो ताकद राखून ठेवतो. कमकुवत बॅटरला सत्तर टक्क्यांत काढतो आणि अडचणीच्या वेळी खरा जोर लावतो. ज्याला पाच इनिंगांनंतर किंवा पंधरा चेंडूंनंतर बाहेरच यायचं आहे, त्याने राखून ठेवायचं कशासाठी? त्याच्या मागे आणखी आठ जण ताजे बसलेले असतात. त्यांतला एखादा मोडला तर ट्रिपल-ए मधून, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरून, डॉजर्सच्या बाबतीत ओक्लाहोमा सिटीहून, दुसरा विमानाने संध्याकाळपर्यंत येतो. क्लबच्या दृष्टीने हे गणित चोख आहे. प्रत्येक हाताकडून थोडं थोडं पण कमाल तीव्रतेचं काम घ्यायचं, आणि हात गेला की नवा लावायचा. 2024 च्या वर्ल्ड सीरीजपर्यंत पोचेतो डॉजर्सकडे धड उभे राहतील असे सुरुवातीचे, म्हणजे सामना सुरू करणारे, पिचर तीनच उरले होते. बाकीचे सामने त्यांनी राखीव पिचरची साखळी लावून काढले. आणि ते जिंकले. जो संघ जिंकतो तो आपली पद्धत का बदलेल?

ग्रेग मॅडक्सचं उदाहरण मला पुन्हा पुन्हा आठवतं. 1986 ते 2008, तेवीस हंगाम, 355 विजय, पाच हजारांहून जास्त इनिंग. कारकिर्दीचा शेवटही डॉजर्समध्ये. हाताची मोठी शस्त्रक्रिया एकही नाही. त्याचा वेग त्या काळातही मध्यम होता आणि उत्तरार्धात तर बराच खाली आला होता. चेंडू प्लेटच्या कडेवर, बॅटरला हवा त्याच्या दोन इंच बाहेर पडायचा आणि तेही सामनाभर. असा अठरा वर्षांचा मुलगा आज निवड चाचणीला आला तर त्याच्या नावासमोर वेगाचा आकडा लिहिला जाईल आणि पुढचं कोणी बघणार नाही.

ही अतिशयोक्ती नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही आता लिटल लीग या लहान मुलांच्या स्पर्धेत खेळतात आणि त्यांतली काही पुढे खासगी संघांच्या ‘शोकेस’ना, म्हणजे निवडकर्त्यांसमोर कौशल्य दाखवण्याच्या मेळाव्यांना, जातात. न्यू जर्सीतल्या अशाच एका मैदानावर मी ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर गेले होते. जाळीच्या मागे स्पीडगन, बाजूला आकडे दाखवणारा फलक, आणि प्रत्येक चेंडूनंतर सगळ्या माना फलकाकडे. चौदा-पंधरा वर्षांची मुलं पाळीपाळीने दहा-पंधरा चेंडू टाकून उतरत होती. साताऱ्याहून आलेले आजोबा नातवाला म्हणाले, “अरे, किती जणांना आऊट केलंस?” तो म्हणाला, “आजोबा, आज आऊट नाही मोजत. आज फक्त स्पीड.” समोर बॅटरच नव्हता. खेळाचा खेळपणा काढून टाकून उरलेला आकडा तिथे विकायला मांडला होता, आणि आईवडील त्यासाठी शुल्क भरून आले होते. मला त्या पालकांचा राग येत नाही. कॉलेजची शिष्यवृत्ती आणि व्यावसायिक करार त्या फलकावरच्या आकड्यावर ठरतात, हे त्यांनी नीट ओळखलं आहे.

2007 ते 2011 या काळात अमेरिकेत झालेल्या टॉमी जॉन शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा निम्म्याहून जास्त रुग्ण 15 ते 19 वयोगटातले निघाले. मेजर लीग आणि खेळाची राष्ट्रीय संस्था यूएसए बेसबॉल यांनी 2014 मध्ये मुलांसाठी मार्गदर्शक मर्यादा जाहीर केल्या: तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने दिवसाला 95 पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद ठेवावं, वगैरे. सल्ला उत्तम आहे. पण तो सल्लाच आहे. लिटल लीगमध्ये मोजणी होते. शनिवारी एका संघाकडून आणि रविवारी दुसऱ्याकडून खेळणाऱ्या मुलाचे चेंडू एकत्र मोजणारं कोणीच नाही. ज्या संस्थेचे निवडकर्ते त्या शोकेसमध्ये वही घेऊन बसतात, तीच संस्था पालकांना संयमाचा सल्ला देते. हे मला पटत नाही.

जपानमध्ये एका शाळेच्या प्रशिक्षकाने सल्ल्याच्या पुढे जाऊन दाखवलं. जुलै 2019, इवाते प्रांत. ओफुनातो हायस्कूलचा रोकी सासाकी ताशी 163 किलोमीटर वेगाने फेकत होता आणि त्याचा संघ प्रांताच्या अंतिम सामन्यात पोचला होता. जिंकला असता तर संघ कोशिएनला, म्हणजे ज्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिथली मुलं लहानपणापासून झुरतात तिथे गेला असता. प्रशिक्षकाने सासाकीला खेळवलंच नाही. आधीच्या सामन्यांत त्याने खूप चेंडू टाकले होते आणि त्याचं शरीर अजून वाढीचं होतं. संघ 12-2 ने हरला. देशभर गदारोळ झाला, शाळेत तक्रारींचे फोन आले. याच कोशिएनमध्ये 1998 साली दाइसुके मात्सुझाकाने सतरा इनिंगांत 250 चेंडू टाकले होते आणि ते तिथे पराक्रम म्हणून सांगितलं जातं, म्हणून त्या प्रशिक्षकाचं धैर्य मला मोठं वाटतं. पुढच्याच वर्षी शालेय महासंघाने आठवड्याला 500 चेंडूंची मर्यादा लागू केली. सासाकीने 2022 मध्ये, विसाव्या वर्षी, व्यावसायिक लीगमध्ये परफेक्ट गेम टाकला, म्हणजे संपूर्ण सामन्यात एकाही बॅटरला बेसवर पोचू दिलं नाही, आणि 2025 मध्ये तो डॉजर्सकडे आला. पहिल्याच वर्षी खांदा दुखावल्याने त्याला बाहेर बसावं लागलं. एका प्रशिक्षकाने सांभाळून ठेवलेला हातसुद्धा वेगाच्या बाजारात शिरल्यावर सुरक्षित राहत नाही, इतका हा प्रश्न एका माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं: कोणी जबरदस्ती करत नाही, आणि पैसे मिळतातच की. जेकब डीग्रॉमचा दाखला देतात. टेक्सास रेंजर्सनी डिसेंबर 2022 मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा 18.5 कोटी डॉलरचा करार केला. पुढच्या हंगामात सहा सामने सुरू केल्यावर त्याच्या कोपराची दुसरी मोठी शस्त्रक्रिया झाली, आणि पगार ठरल्याप्रमाणे मिळत राहिला. बरोबर आहे. पण डीग्रॉम शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षं सेवा होईपर्यंत पिचर खुल्या बाजारात जाऊ शकत नाही, आणि ती सहा वर्षं मोजायला लागण्याआधी बहुतेकांची तीन-चार वर्षं मायनर लीगमध्ये गेलेली असतात. तिथे 2023 पर्यंत सिंगल-ए या खालच्या पायरीचा किमान पगार वर्षाला 11,000 डॉलर होता. संघटना झाली, करार झाला आणि तो 26,200 वर गेला. ट्रिपल-ए मध्ये 35,800. याच काळात मेजर लीगचा किमान पगार सात लाखांच्या वर होता. या दरीच्या काठावर उभ्या असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला विचारा की वेग दोन मैलांनी वाढवायचा का. तो हो म्हणेल. त्याच्या जागी कोणीही हो म्हणेल. अशा होकाराला स्वेच्छा म्हणायला माझं मन धजत नाही.

भारतातून गेलेल्या रिंकू सिंगची वाटचाल याच दरीतली आहे. उत्तर प्रदेशातला हा भालाफेकपटू 2008 मध्ये टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून निवडला गेला. स्पर्धेत तपासलं काय, तर चेंडू किती जोरात आणि किती नेमका फेकता येतो. बेसबॉलचा एकही सामना न खेळलेला मुलगा पिट्सबर्ग पायरेट्सच्या करारापर्यंत पोचला. चिकाटीने तो सिंगल-ए पर्यंत चढला, ही लहान गोष्ट नाही. पण 2013 पासूनचे हंगाम दुखापतीतच गेले आणि तो पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याच्यासारखे शेकडो जण दरवर्षी या खेळातून बाहेर पडतात. डोमिनिकन प्रजासत्ताकातली मुलं सोळाव्या वर्षी करार करतात आणि त्याआधी तीन-चार वर्षं शाळा बाजूला ठेवून खासगी प्रशिक्षकांकडे वेग वाढवत असतात. त्यांतली फार थोडी मेजर लीगपर्यंत पोचतात. उरलेल्यांच्या हाती कोपरावरचा व्रण उरतो, आणि पदवी नसते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वेगाने बॅटर खरोखरच बाद होतात. मग वेग टाकू नका असं कसं सांगणार? एका पिचरला किंवा एका संघाला सांगून उपयोग नाही, हे मलाही मान्य आहे. जो एकटा थांबेल तो हरेल. नेमकं म्हणूनच हे काम नियमांचं आहे. आणि बेसबॉलने असे नियम बदललेले आहेत. 1968 मध्ये पिचर इतके वरचढ झाले की बॉब गिब्सनची सरासरी 1.12 वर आली. पुढच्याच वर्षी माऊंडची उंची पंधरा इंचांवरून दहा इंच केली. 2023 मध्ये सामने लांबतात म्हणून पिचरला ठरावीक वेळेत चेंडू टाकायला लावणारं घड्याळ आणलं आणि सरासरी सामना सुमारे चोवीस मिनिटांनी आटोपशीर झाला. प्रेक्षक कंटाळतात म्हणून एका हिवाळ्यात नियम बदलता येत असेल, तर हात मोडतात म्हणून का येऊ नये? त्या घड्याळामुळेच दुखापती वाढल्या, असं खेळाडू संघटना म्हणते. लीग ते नाकारते. दोघांनाही हा वाद सोयीचा आहे, कारण दुखापती घड्याळाच्या कितीतरी आधीपासून वाढत होत्या.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बदल दिसायला कोरडा आहे: संघातल्या पिचरची संख्या कमी करा. जून 2022 पासून ती तेरा आहे. ती टप्प्याटप्प्याने, चार-पाच वर्षांत, अकरावर आणा आणि ट्रिपल-ए मधून रोज माणूस बदलण्याची मुभा आणखी आवळा. मागे आठ ताजे हात बसलेले नसले की सुरुवातीच्या पिचरला सहा-सात इनिंग टाकाव्याच लागतील, आणि त्या टाकायच्या तर जोर राखूनच टाकाव्या लागतील. संघ मग मॅडक्ससारखा मुलगा शोधू लागतील, कॉलेजं तसेच मुलगे शोधतील आणि फलकावरच्या आकड्याचा भाव आपोआप उतरेल. बदल एकदम केला तर सध्याचे, पूर्ण जोराने फेकायची सवय झालेले पिचर जास्त थकतील आणि काही काळ दुखापती वाढतीलही. म्हणून टप्पे हवेत. त्याच्या जोडीला हिवाळ्यातले चार महिने सोळा वर्षांखालच्या मुलांच्या कुठल्याही शोकेसला मेजर लीगचा निवडकर्ता जाणार नाही, एवढं लीगने जाहीर केलं तरी त्या महिन्यांतला बाजार ओस पडेल. आणि मायनर लीगमध्ये हात मोडलेल्याला दोन वर्षांचा पगार आणि शिक्षणाचा खर्च द्यायला क्लब बांधील असावा. मोडलेल्या हाताची किंमत क्लबच्या खात्यात खर्च म्हणून दिसू लागली की काळजी घेणारे डॉक्टर आणि प्रशिक्षक अचानक महत्त्वाचे ठरतील.

लीग आणि संघटना यांच्यातला सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 पर्यंतचा आहे. नव्या कराराची चर्चा पगारावर कमाल मर्यादा घालायची की नाही याभोवतीच फिरेल अशी चिन्हं आहेत, आणि कोपराचा विषय मालकांकडून येणार नाही. त्यांना सध्याची व्यवस्था स्वस्त पडते. तो संघटनेनेच टेबलावर ठेवायला हवा. तिथे एक खरी अडचण आहे. तेराचे अकरा केले तर तीस संघांत मिळून साठ पिचरच्या जागा जातात, आणि हे साठ जण संघटनेचे सदस्य आहेत. त्यांच्या जागी साठ बॅटर येतील, एकूण सदस्यसंख्या तीच राहील, पण ज्याची जागा जाते त्याला हे सांगून पटणार नाही. संघटनेने या साठ जणांसाठी संक्रमणाच्या काळातली भरपाई मागावी, पेन्शनसाठी लागणाऱ्या सेवेच्या दिवसांत सवलत मागावी, आणि तरीही ही कपात मागावी. मार्विन मिलर यांच्या संघटनेने दोन पिचरना सहीविना ठेवण्याची जोखीम घेतली होती, तेव्हाही आधी नुकसान त्या दोघांचं होणार होतं.